गावंडे बाईच्या बरण्या

प्रेमिला गजभियेच्या पायाला भिंगरी आहे, असं नागपूरचं अख्खं ट्रंक एक्स्चेंज म्हणायचं, आणि ते काही खोटं नव्हतं. डबा खायला बसली की दोन घासांत उठायची. पाणी आणते म्हणायची, खिडकी लावते म्हणायची, मग लावलेली खिडकी उकडतं म्हणून परत उघडायची. कुणाकडे गेली तर चहाचा शेवटचा घोट तोंडात असतानाच कपबशी घेऊन मोरीकडे निघालेली असायची. "अवं, बस ना वं घडीभर!" असं घरची बाई ओरडेपर्यंत हिचा कप विसळून पालथा पडलेला. लोकांना वाटायचं, काय टापटिपीची बाई आहे! टापटीप कसली डोंबलाची! तिच्या आईनं लहानपणीच कानात घातलं होतं, की दुसऱ्याच्या घरचा आपला कप आपणच धुवावा, म्हणजे आपल्यामागं तो कुणी वेगळा ठेवला की नाही हे आपल्याला कळतच नाही. आई गेली, सवय राहिली.

ती निवांत बसायची एकाच जागी, बोर्डासमोर, हेडसेट लावून. तिथं वायरच तोकडी, उठणार कशी?

ही गोष्ट एक्याऐंशीच्या हिवाळ्यातली. तेव्हा नंबर फिरवला आणि परगाव लागलं, असं सगळीकडे झालेलं नव्हतं. कॉल बुक करायचा, वाट पाहायची, मग प्रेमिलासारखी एखादी बाई या भोकातली दोरी त्या भोकात खुपसायची आणि म्हणायची, "बोला." लाइन फारच खरखरत असली तर मधली ऑपरेटर इकडचं तिकडं सांगायची, कारण तिचा आवाज दोन्हीकडे पोहोचायचा. असे कितीतरी निरोप प्रेमिलानं आपल्या तोंडानं पोहोचवले होते. मुलगा झाला, बाप गेला, सोयरीक मोडली, गाडी चुकली. सांगायचं आणि विसरायचं, ही नोकरीची रीत. जबलपूरच्या ऑपरेटर बाईला बाराही महिने सर्दी असते आणि रायपूरचा भाई "होल्ड कीजिए बहनजी" म्हणून स्वतःच पान खायला जातो, हे तिला ठाऊक होतं. पण जबलपूर आणि रायपूर तिनं पाहिलेलं नव्हतं. रामटेकच्या पुढं ती गेलीच नव्हती. जाणार कुणाकडे? माहेर म्हणावं तर नागपुरातल्या इंदोऱ्यातच, सासरच्या घरापासून दोन गल्ल्या, आणि तिथंही आता कुणी उरलं नव्हतं. दसऱ्याला सगळं गणगोत दीक्षाभूमीला यायचं आणि तिच्या दोन खोल्यांत उतरायचं. माणसं यायची, जेवायची, झोपायची, परत जायची. सगळ्यांना जायला प्रेमिलाचं घर होतं. प्रेमिलाला जायला कुणाचंच नव्हतं.

शेजारच्या खुर्चीवर सिंधू बोंडे. अंगानं भरलेली, स्वभावानं मऊ, कुणी मोठ्यानं बोललं तर हिचेच डोळे भरायचे. काटोलकडच्या सावरखेडची, कुणब्याची मुलगी. घरी थोडी संत्र्याची झाडं, थोडी ज्वारी. दोघी एकाच महिन्यात नोकरीला लागल्या आणि तेव्हापासून दोघींचा डबा एकच. म्हणजे डबे दोन, पण सिंधू आधी प्रेमिलाचा संपवायची आणि मग स्वतःचा तिच्यापुढं सरकवायची. "तुह्या हातची वांग्याची भाजी म्हणजे काय सांगू बाप्पा!" असं म्हणत बोटं चाटायची.

त्या हिवाळ्यात सिंधूच्या नवऱ्याची चंद्रपूरला बदली ठरली. उन्हाळ्यात बिऱ्हाड हलणार. सिंधू एक दिवस डबा खाता खाता म्हणाली, "प्रेमिला, मी जायच्या आधी आपण दोघीच कुठंतरी जाऊ वं. चार दिवस. ना नवरे, ना पोट्टे."

प्रेमिलाच्या हातातला घास हातातच राहिला. मग ती उठली आणि खिडकी लावून आली.

"कुठं?" तिनं विचारलं.

आणि इथूनच त्या दोघींनी एक्स्चेंजचं डोकं उठवलं. सिंधू म्हणाली, पचमढी. प्रेमिला म्हणाली, "ऐन थंडीत पचमढी? कुडकुडून मरायले?" सिंधू म्हणाली, चिखलदरा. "तिथं वाघ आहेत." "अवं, वाघ जंगलात, आपण बंगल्यात!" "वाघाले तेवढं समजते का?" मग भेडाघाट निघालं. पाणीच पाहायचं तर अंबाझरीचा तलाव काय आटला आहे का, असं प्रेमिलानं विचारलं. सिंधूनं शेवटी मोठ्या आशेनं अजिंठ्याचं नाव काढलं. तिला वाटलं, याला तरी ही नाही म्हणणार नाही.

"अजिंठा ताराचंदले सोडून पाह्यला तर तो मले जन्मभर ऐकवीन," प्रेमिला म्हणाली. "ते घरादारासंगं जायचं ठिकाण आहे."

"मंग तूच सांग ना वं, कुठं जायचं ते!"

"मले काय माहीत? तू सांग."

आता तुम्हीच सांगा, अशा बाईशी कुणी कसं बोलावं? सिंधूनं हात टेकले. बाकीच्या पोरी हसायला लागल्या. रोज नवं गाव निघायचं आणि रोज प्रेमिला त्याला नाक मुरडायची. घरी गेली की तिलाच झोप यायची नाही. ती या कुशीवरून त्या कुशीवर व्हायची आणि स्वतःलाच शिव्या घालायची, की बाई गं, पचमढीला हो म्हणाली असतीस तर काय बिघडलं असतं?

पण घोडं कुठं पेंड खात होतं, ते तिला पक्कं ठाऊक होतं. तिला सावरखेडला जायचं होतं. सिंधूच्या माहेरी. आणि ते सिंधूच्या तोंडून यायला हवं होतं.

त्याला कारण घरातल्या फळीवरच्या बरण्या. चिनी मातीच्या, पिवळ्या-पांढऱ्या, पाच बरण्या. सिंधूची आई अंजनाबाई दर उन्हाळ्यात लेकीला आंब्याचं लोणचं पाठवायची आणि पाच वर्षांपूर्वीपासून त्यासोबत एक बरणी जास्तीची यायला लागली. "हे आईनं तुह्यासाठी धाडलं," असं म्हणत सिंधूनं पहिली बरणी दिली तेव्हा प्रेमिला चक्क रडली होती. जिनं आपल्याला पाहिलेलंसुद्धा नाही, ती बाई कैऱ्या फोडताना आपली आठवण काढते! मग दर वर्षी बरणी यायची. लोणचं संपायचं, बरणी घासून, उन्हात वाळवून फळीवर जायची. परत मात्र एकही गेली नव्हती. सिंधू कधी मागायची नाही; प्रेमिलानं विषय काढला की "राहू दे ना वं, आईकडं ढीग आहे" म्हणायची.

दुसऱ्याचं भांडं रिकामं परत करू नये, एवढं आपल्याकडं पोरासोरालाही कळतं. वाटीत साखर आली तर वाटी जाताना निदान चार शेंगदाणे घालावेत. प्रेमिलाही भरूनच देणार होती. पण काय भरायचं? आणि आपल्या घरचं भरलेलं तिकडं गेल्यावर त्याचं काय होईल?

हेच एकदा ताराचंदनं काढलं. ताराचंद तिचा नवरा, नागपूरजवळच्या वाडीला एका ट्रान्सपोर्टच्या गोडाऊनवर माल उतरवून घ्यायचं काम करायचा. माणूस सरळ, मनात आलं की बोलून मोकळा. त्या रात्री जेवताना तो म्हणाला, "हे काय चालवलं तू? ते बिचारी दहा गावं सांगते अन् तू दहाले नाही म्हनते. तुले नेमकं जायचं कुठं?"

प्रेमिला पाणी आणायला उठली.

"बस खाली. पाणी आहे इथं. तुले तिच्या गावले जायचं आहे, हो ना?"

प्रेमिला बसली.

"तिनं कधी म्हनलं, चल म्हणून?"

"नाही."

"बारा वर्सांत एकदाबी?"

"नाही म्हनलं ना!"

"मंग समजून घे ना प्रेमिला," ताराचंद हळू आवाजात म्हणाला. "सिंधू चांगली आहे. पण गाव म्हणजे गाव असते. जाशीन अन् काही उलटं झालं, तर गाव बी जाईन अन् मैत्रीण बी. बरण्या भर अन् देऊन टाक तिच्याजवळ. मोकळी हो."

"अन् माह्या घरचं तिच्या मायनं ढोरापुढं टाकलं तर?"

ताराचंदनं भात कालवला.

प्रेमिलाला कळत नव्हतं असं थोडंच होतं! पण मन म्हणायचं, जी बाई पाच वर्षं लोणचं पाठवते तिला सगळं माहीत असणारच की. सिंधूनं सांगितलंच असेल. माहीत असून पाठवते. मग सिंधू बोलवत का नाही? झालं, पुन्हा सगळं पहिल्यापासून. बारा वर्षांच्या मैत्रीत ही एकच गोष्ट तिनं चाचपून पाहिली नव्हती आणि सिंधू चंद्रपूरला गेली की ती कायमचीच राहून जाणार होती.

डिसेंबर सरत आला. हुरड्याचे दिवस. एका दिवशी सिंधूची सुट्टी होती आणि खालून चपराशी सांगत आला, की बोंडे मॅडमकडं गावचा माणूस आला आहे. प्रेमिला खाली गेली. फाटकाजवळ एक पोरगेला माणूस उभा, डोक्याला मफलर, पायाशी संत्र्यांनी ठासून भरलेली पिशवी. तो सिंधूचा धाकटा भाऊ गिरिधर होता. संत्रा घेऊन मार्केटला आला होता आणि परतीच्या गाडीची घाई होती.

"सिंधूताई घरी आहे आज," प्रेमिलानं सांगितलं. "पिशवी द्या, मी पोहोचवते. मी प्रेमिला."

गिरिधरचा चेहरा एकदम खुलला. "अरे बाप रे! तुम्हीच का गावंडे ताई?"

प्रेमिलाला वाटलं, तो मागं कुणाशी तरी बोलतो आहे. तिनं वळूनही पाहिलं.

"आई तर तुमच्याच नावाचा जप करते! म्हनते, माह्या सिंधीले परगावात आपल्यातली मैत्रीण भेटली, मले घोर नाही. लोनचं घालताना पयली बरनी गावंडे बाईची. तुम्ही वरुडकडचे गावंडे का? तिकडं आमची मावशी दिली आहे." आणि उत्तराची वाटही न पाहता तो म्हणाला, "आवंदा हुरड्याले याच तुम्ही. आई सिंधूताईले दर साली म्हनते, अन् ताई दर साली म्हनते, तिले सुट्टी नाही भेटत."

प्रेमिलानं तोंड उघडलं. 'मी गावंडे नाही,' एवढे तीन शब्द. जिनं लोकांची मरणंसुद्धा न अडखळता सांगितली तिला स्वतःचं आडनाव सांगता आलं नाही. "सांगते तिले," एवढंच ती म्हणाली आणि पिशवी उचलून जिना चढली. जिन्यात मधेच थांबून तिनं कठडा धरला. राग आला होता, अपमान झाला होता, सगळं होतं. पण सगळ्यांत जास्त लाज वाटत होती ती स्वतःची. आपणही गप्प बसलो.

आणि ते लोणचं! पाच वर्षं जिभेवर घोळवून खाल्लं ते. ते गावंडे बाईचं होतं.

दुसऱ्या दिवशी सिंधू येऊन बसली, हेडसेट लावला. प्रेमिलानं समोरच्या बोर्डावरची नजर काढली नाही.

"गावंडे बाईच्या हाती संत्री आली आहेत. तुह्या खुर्चीखाली ठेवली," ती म्हणाली.

सिंधूचा हात दोरीवरच राहिला. तिच्या बोर्डावर दिवा लागला, विझला, परत लागला.

"प्रेमिला..."

"हॅलो वर्धा, नागपूर. बोला," प्रेमिला माउथपीसमध्ये म्हणाली. मग दोरी जोडून, तशीच समोर पाहत, "बोल ना. ऐकून राहिली मी."

"आईनं विचारलं होतं वं. पहिल्या बरणीच्या सालीच. कोणाची आहे, आडनाव काय. अन् माह्या तोंडून निघून गेलं. आईले कळलं असतं तर तिनं मले तुह्या डब्याले हात नसता लावू दिला. म्हणून... मले वाटलं, एवढ्यानं काय होते? तिनं लोणचं धाडलं, तुले आवडलं, तू रडली, मंग कसं सांगू?"

"उचलली जीभ अन् लावली टाळ्याले!" प्रेमिलाचा आवाज चढला तशा दोन खुर्च्या पलीकडच्या पोरी वळल्या. "बारा वर्सं माह्या डब्यातलं खाल्लं अन् तिथं जाऊन माह्यं नावच पुसलं? माह्या बापानं ते नाव मान वर करून सांगायले शिकवलं होतं मले. तू काहून लपवलं? तुले कोणी लपवायले सांगतलं होतं?"

"मी भेकड आहे," सिंधू म्हणाली आणि रडायला लागली.

"रडू नको. तुह्या रडण्याचाच मले कंटाळा आला आहे." हे बोलल्यावर प्रेमिलाचेच डोळे भरून आले, पण ती काही ते दाखवणार नव्हती. "आता कुठंच जायचं नाही. पचमढी नाही अन् काही नाही. तू चंद्रपूरले जा."

त्यानंतर दोघी शेजारी शेजारी बसायच्या, पण डबे वेगळे. प्रेमिला खिडकीपाशी उभी राहून खायची. सिंधूच्या डब्यातलं अर्धं तसंच परत जायचं. पोरींनी आधी चेष्टा केली, मग त्याही गप्प झाल्या. घरी प्रेमिलानं बरण्या फळीवरून काढून पलंगाखाली ढकलल्या. दोन दिवसांनी त्या पुन्हा काढल्या, पुसल्या आणि फळीवर ठेवल्या. फोडून टाकाव्यात असंही एकदा मनात आलं. ताराचंद सगळं पाहत होता. 'मी म्हनलं नव्हतं?' हे वाक्य त्यानं एकदाही काढलं नाही, यासाठी त्याला दहा गुण द्यायला हवेत.

नवीन वर्ष लागलं. एका दुपारी प्रेमिला काटोल लाइनवर बसली होती. सिंधूची खुर्ची रिकामी. अर्ध्या तासाची रजा टाकून ती खाली गेली होती. वर चिठ्ठी आली. तार ऑफिसच्या काउंटरवरून बुक केलेला कॉल, सावरखेडच्या पोस्टात, पी.पी. म्हणजे ठरलेल्याच माणसाला बोलावून घ्यायचं. बोलणार सिंधू बोंडे. बोलावून आणायचं अंजनाबाई धोटेंना.

प्रेमिलाला ही चिठ्ठी दुसरीकडे सरकवता आली असती. पण तिनं ती समोर ठेवली.

"हॅलो काटोल, नागपूर. सावरखेड पी.पी. द्या."

"माणूस धाडला बोलवायले," बऱ्याच वेळानं काटोल म्हणालं. मग आणखी वाट. मग खरखर, मग कुणाच्या तरी धापा. म्हातारी पळत आली असावी. प्रेमिलानं खालच्या काउंटरची दोरी जोडली. "बोला," ती म्हणाली आणि लाइनवरून बाजूला व्हायला बोट बटणावर ठेवलं. दुसऱ्याचं बोलणं ऐकायचं नाही, हा नियम होता.

"आई! मी सिंधू!"

"कोन? कोन बोलते? कोन गेलं बाप्पा? जवाई बरे हायेत ना?" खेड्यात ट्रंक कॉल आला म्हणजे कुणीतरी गेलं, असंच माणसं धरून चालायची.

"कोणी नाही गेलं! आई, ऐक!"

"काहीच आयकू येत नाही वं! कोन गेलं?" म्हातारी रडायच्या बेताला आली होती. सिंधू खाली इतकी ओरडत होती की तिचा आवाज हेडसेटमधून आणि जिन्यातून असा दोन्हीकडून येत होता. तिकडे मात्र नुसती खरखर पोहोचत होती.

प्रेमिलानं बटणावरचं बोट काढलं. अशा वेळी ऑपरेटरनं काय करायचं, तेही नियमातच होतं.

"काकू, मी नागपूरची ऑपरेटर बोलते," ती म्हणाली. "घाबरू नका. सगळे बरे आहेत. तुमची मुलगी काय म्हनते ते मी सांगते."

"सांग माय," म्हातारी म्हणाली. "तुह्यं आयकू येते."

खाली सिंधूनं आवाज ओळखला होता. ती कॉल रद्द करील, फोन ठेवून देईल, असं प्रेमिलाला वाटलं. मग सिंधू बोलली, न ओरडता.

"सांग तिले. प्रेमिला गावंडे नाही म्हणावं. मी खोटं बोलली."

"ती म्हनते," प्रेमिला म्हणाली, "तिची मैत्रीण प्रेमिला गावंडे नाही. ती खोटं बोलली होती."

"मंग कोन हाये ते?"

"गजभिये," सिंधू म्हणाली.

प्रेमिलानं पाठ ताठ केली.

"गजभिये," ती म्हणाली. "बौद्ध आहे ती." पुढचं वाक्य सिंधूनं सांगितलेलं नव्हतं. ते तिनं आपलं आपण घातलं, म्हणजे पुन्हा कुणाला काही झाकायला नको.

सावरखेडच्या पोस्टात कुणीतरी खोकललं. म्हणजे तिकडं चार माणसं कान देऊन उभी होती. प्रेमिलाला पळून जावंसं वाटलं, पण हेडसेटची वायर तोकडी होती.

"बाई," म्हातारी म्हणाली, "तू कोन?"

"मी ऑपरेटर."

"ते समजलं मले. नाव काय तुह्यं?"

"प्रेमिला."

पुन्हा खरखर.

"लोनचं तूच खाल्लं का मंग?"

"हो. पाची वर्सं. एक फोड वाया नाही घालवली."

"मांगच्या साली खारट झालं होतं."

प्रेमिला थांबली. "थोडं झालं होतं," ती म्हणाली.

"पाह्य! अन् आमची सिंधी मले म्हने, लय चांगलं झालं. खोटारडी!" म्हातारीचा श्वास जोरात वाजला. "तिचं मी पाह्यीन काय ते. पाच वर्सं मायले फसवते म्हनजे काय? अन् तू आयक. माह्या बरन्या कुठं हायेत?"

"माह्या घरी आहेत. घासून ठेवल्या आहेत."

"नागपूर, वेळ संपली," काटोलची ऑपरेटर मधेच म्हणाली.

"थांब ना वं घडीभर!" म्हातारी तिच्यावर डाफरली. मग बराच वेळ काहीच नाही. प्रेमिलाला वाटलं, लाइन गेली. "लोकायच्या बरन्या कोनी ठेवून घेते का?" म्हातारी हळू म्हणाली. आता तिचा आवाज मघासारखा नव्हता, पोस्टातल्या त्या चार माणसांच्या देखत बोलल्यासारखा होता. "घेऊन ये पाची. अन् रिकाम्या नोको आनू."

लाइन तुटली. प्रेमिलानं दोरी काढली आणि ती तशीच बसून राहिली. बोर्डावर दिवे लागत होते. जिन्यात धाडधाड पावलं वाजली आणि सिंधू आली, तोंड सुजलेलं, पदर भलतीकडे.

"काय म्हनली आई? मले तिचं नंतरचं काहीच ऐकू नाही आलं वं! शिव्या दिल्या का?"

"तुले देणार आहे," प्रेमिला म्हणाली. "मले म्हनली, बरण्या घेऊन ये. रिकाम्या नको आणू म्हनली."

सिंधू तिथंच भिंतीला टेकून खाली बसली. अंजनाबाई धोटेंच्या स्वयंपाकघराचं दार कुणाला बंद असतं हे तिला ठाऊक होतं, म्हणून त्या एका वाक्याचं वजन तिला प्रेमिलापेक्षा जास्त कळलं. तिनं पदर तोंडाला लावला.

"रडू नको म्हनलं ना," प्रेमिला म्हणाली, आणि तिचाही आवाज फाटला. "सुट्टीचा अर्ज टाक. दोघींचा."

त्यानंतरचे दिवस घरात काय धिंगाणा झाला म्हणता! जवसाची चटणी भरावी की तिळाची? बोरकूट चालेल का? लिंबाचं लोणचं लोणचं घालणाऱ्या बाईलाच कसं न्यायचं? प्रेमिला भरायची, रिकामं करायची, चव घ्यायची, ताराचंदला चाखायला लावायची. "पचमढीच बरी होती," असं ताराचंद म्हणाला तेव्हा त्याच्या तोंडात चटणी होती. नेसायच्या लुगड्याचं तिनं पाहिलं नाही. म्हातारी कशी बोलेल, पंगतीत कुठं बसवतील, गावात कोण काय म्हणेल, हे सगळे घोर होतेच. ते त्या एका फोननं गेले असं कुणी समजू नये. पण जायचं कुठं, हे ठरलं होतं.

एस.टी.त दोघी पुढच्या बाकावर बसल्या. प्रेमिलाच्या मांडीवर मोठी पिशवी, तिच्यात फडक्यांत गुंडाळलेल्या पाच बरण्या. गाडी खड्ड्यात गेली की ती दोन्ही हातांनी पिशवीला कव घालायची. कळमेश्वर गेलं, काटोल गेलं. सिंधू दोनदा म्हणाली, दे घडीभर माझ्याकडं. प्रेमिलानं दिली नाही. जिला दोन घास बसून खाता येत नव्हते, ती सगळी वाट जागची हलली नाही.

फाटा आला. कंडक्टर ओरडला, "सावरखेडवाले!" सिंधू उठून दाराशी गेली. खाली गिरिधर उभा होता आणि त्याच्यामागं डोक्यावरून पदर घेतलेली एक वाळकी म्हातारी, कपाळाला हात लावून गाडीकडे पाहत होती.

"चल ना वं," सिंधू म्हणाली. "बसली काय?"

"तू उतर आधी," प्रेमिला म्हणाली. "अन् एकेक करून घ्या माह्या हातून. जपून. भरल्या आहेत."